लिव्हरपूलच्या म्युझियममधला फुकटचा टॉक: आई-बाबांना घेऊन कसं जावं

मुलांकडे सहा महिन्यांसाठी इंग्लंडात आलेल्या आई-बाबांना लंडन आणि लेक डिस्ट्रिक्ट दाखवून झालं की पुढे काय, हा प्रश्न आमच्या ओळखीतल्या प्रत्येक मराठी घरात पडतो. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, बाहेर पाऊस. मी मर्सी नदीच्या पलीकडे विरलमध्ये राहते, माहेर साताऱ्याचं. माझ्याकडे कुणी वडीलधारं माणूस आलं की मी त्यांना लिव्हरपूलच्या वर्ल्ड म्युझियममध्ये नेते. तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत, आणि दालनात उभं राहून एखाद्या संस्कृतीबद्दल, एखाद्या वस्तूबद्दल कुणीतरी जाणकार माणूस अर्धा-पाऊण तास बोलतो, त्यालाही पडत नाहीत. पण हे टॉक आई-बाबांच्या पदरात पडायचे असतील तर थोडी तयारी लागते. नाहीतर ते मागे उभे राहून पाय दुखवून घेतात आणि घरी येऊन "छान होतं" एवढंच म्हणतात.

पहिली गोष्ट वेळेची. टॉकचा विषय आणि वेळ रोज एकच नसते. आदल्या रात्री म्युझियमच्या साइटवर बघायचं आणि सकाळी आत शिरल्या शिरल्या दारातल्या माहितीच्या टेबलावर पुन्हा विचारायचं. कधी बोलणारा माणूस आजारी असतो, कधी शाळेची मोठी सहल आलेली असते आणि वेळ सरकवलेली असते. सोमवारी जायचं असेल तर म्युझियम उघडं आहे ना, हे आधी बघा. शाळा चालू असताना मधल्या वारी दुपारी गेलात तर गर्दी कमी असते. तेव्हा बोलणारा माणूस सावकाश बोलतो आणि प्रश्नांना वेळ देतो. शाळांच्या सुट्ट्यांत शक्यतो जाऊच नका, तळमजल्यावरच्या गलक्यात निम्मं ऐकू येत नाही.

लाइम स्ट्रीट स्टेशनवर उतरलात की समोरच सेंट जॉर्जेस हॉल दिसतो. त्याला वळसा घातला की विल्यम ब्राउन स्ट्रीट. रस्ता उताराचा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी येताना चढ लागेल हे लक्षात ठेवायचं. एका रांगेत वॉकर आर्ट गॅलरी, मग लायब्ररी, मग म्युझियम. ही इमारत १८६० सालची, आणि ज्या व्यापाऱ्याने तिच्यासाठी पैसे दिले त्याचंच नाव रस्त्याला आहे. लिफ्ट आहे, ती विचारून घ्या. डबा नेला असेल आणि पाऊस नसेल तर समोरच्या सेंट जॉन्स गार्डन्समध्ये बाकं आहेत. मी थालीपीठं नेते, थंड झाली तरी चालतात.

आता खरी तयारी. ही मी ट्रेनमध्ये करते. ज्या वस्तूवर किंवा देशावर टॉक आहे त्याबद्दल मराठीत चारच वाक्यं सांगायची: ही वस्तू कुठली, कुणी केली, कशाची केली आणि इथे कशी आली. यापलीकडे सांगायचं नाही. सगळं आधीच सांगितलं तर ऐकायला काही उरत नाही, आणि काहीच सांगितलं नाही तर इंग्रजी कळणाऱ्या माणसालाही तिथलं इंग्रजी कळत नाही. लिव्हरपूलच्या लोकांचा हेल वेगळा आहे, शब्द घशातून येतात. माझे वडील आयुष्यभर इंग्रजी वर्तमानपत्र वाचत आले, त्यांनाही पहिली दहा मिनिटं एक शब्द लागला नव्हता.

चौथं वाक्य, म्हणजे वस्तू इथे कशी आली, ते कधीही वगळू नका. लिव्हरपूल हे बंदर आहे आणि या म्युझियमची गोष्ट बंदराचीच गोष्ट आहे. पश्चिम आफ्रिकेच्या बोटींवर आर्नल्ड रिडयार्ड नावाचा इंजिनियर होता. त्याने १८९५ ते १९१६ या काळात किनाऱ्यावरच्या ओळखीपाळखीतून वस्तू मिळवून त्या इथे पोचवल्या. जोसेफ मेयर हा गावातला सोनार. त्याने आपला सगळा संग्रह १८६७ मध्ये देऊन टाकला, त्यात इजिप्तच्या वस्तू होत्या. त्यात एक मेक्सिकोची पोथीही होती, युरोपियन तिथे पोचण्याआधीची. हरणाच्या कातड्याची, घडीची, उलगडली तर जवळजवळ चार मीटर लांब. तिच्या पहिल्याच पानावर मध्यभागी अग्निदेव आहे, चार बाजूंना चार दिशा, प्रत्येक दिशेला एक झाड आणि भोवती २६० दिवसांच्या पंचांगाची मोजणी. फेयेर्वारी-मेयर कोडेक्स या नावाने ती जगभर ओळखली जाते. घरात पंचांग बघणाऱ्या माणसाला त्या पानाचं चित्र ट्रेनमध्ये फोनवर दाखवून बघा. दिशा, देवता आणि दिवस एकाच आकृतीत कसे बसवलेत हे समजावून सांगावं लागत नाही, तेच तुम्हाला समजावून सांगतात.

मला या लेखात सांगायचं आहे ते हेच. आपल्याकडच्या साठी-सत्तरीच्या माणसांना धातू, सूत, धान्य, चामडं, तिथी यांची जी जाण असते ती टॉकला आलेल्या बहुतेकांना नसते. ती घरी ठेवून जायची नाही. जगातल्या संस्कृतींवरचा टॉक आपल्याला सोडून इतर सगळ्यांबद्दल असतो, आपण फक्त ऐकून घ्यायचं, असं समजून बरेच जण जातात. त्यामुळे कोपऱ्यात उभे राहतात आणि तोंड उघडत नाहीत.

उभं कुठे राहायचं याला म्हणून महत्त्व आहे. बोलणाऱ्याच्या थेट समोर नको, तिथे उंच माणसं येतात. पुढे, थोडं बाजूला, बोलणाऱ्याचे ओठ दिसतील असं. कमी ऐकू येणाऱ्यांना ओठ दिसले की निम्मं काम होतं. बसायला घडीचं स्टूल मिळेल का हे सुरू होण्याआधी विचारा, मधेच विचारायला आपली माणसं संकोचतात. टॉक चालू असताना कानात सलग भाषांतर करत राहू नका. बोलणारा थबकतो, शेजारचे वळून बघतात आणि तुमच्या आईला दोन्ही आवाजांतलं काहीच लागत नाही. एखादा अडलेला शब्द तेवढा सांगायचा. बाकीचं कागदावर चार-पाच शब्दांत टिपून ठेवायचं आणि गर्दी पांगली की त्याच वस्तूसमोर उभं राहून मराठीत सांगायचं. वस्तू डोळ्यांसमोर असताना सांगितलेलं राहतं, घरी जेवताना सांगितलेलं राहत नाही.

माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा टॉक आफ्रिकेच्या भागात होता, बेनिनच्या पितळी कामावर. हे बेनिन म्हणजे आज नायजेरियात असलेलं बेनिन शहर, तिथल्या राजदरबारासाठी ओतकाम करणाऱ्या कारागिरांच्या पिढ्या होत्या. सासूबाईंचं बालपण पुण्यात तांबट आळीच्या जवळ गेलं, ठोक्यांच्या आवाजात. त्या काचेच्या कपाटाच्या अगदी कडेला गेल्या आणि वाकून बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "हे ठोकलेलं नाही, ओतलेलं आहे. आतून पोकळ आहे का विचार." मी विचारलं. बोलणाऱ्या बाई खुलल्याच. हो, पोकळ. आधी मातीचा गाभा, त्यावर मेणाचा थर, सगळं बारीक काम मेणात करायचं, वरून पुन्हा माती, मग तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या जागी धातू ओतायचा. राजांच्या स्मरणार्थ केलेल्या मस्तकांना वर भोक ठेवलेलं असतं, त्यात कोरलेला हस्तिदंत उभा करायचे. सासूबाईंचा पुढचा प्रश्न: एवढं पितळ आणलं कुठून? त्याचंही उत्तर मिळालं. पोर्तुगीज व्यापारी पितळेची कडी घेऊन यायचे, ती तिथे चलन म्हणून चालायची, माणसांच्या खरेदीतसुद्धा. ती कडी वितळवून हे काम झालं. त्या कड्यांचं पितळ जर्मनीतल्या ऱ्हाइन भागातलं होतं हे २०२३ मध्ये रासायनिक तपासणीतून पुढे आलं.

सासूबाई गप्प झाल्या, आणि मग त्यांनी स्वतःच सांगितलं की आपल्याकडेही मूर्ती अशाच ओततात, हे त्यांना सांग. मी सांगितलं, आणि कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मेणाच्या साच्याची ही पद्धत लिहून ठेवली आहे, हेही जोडलं. त्या बाईंनी वहीत नाव उतरवून घेतलं. टॉक संपल्यावर आणखी दोघं-तिघं थांबली आणि गप्पा कितीतरी वेळ चालल्या. असं दर वेळी होत नाही. पण हातात असलेल्या कौशल्याबद्दलचा प्रश्न विचारला की होण्याची शक्यता फार वाढते. म्हणून आई-बाबांना आधीच सांगून ठेवा: इतिहासाचा प्रश्न सुचला नाही तरी चालेल. हे कशाचं, कसं केलं, रोज वापरायचे की सणाला, तुटलं तर कोण दुरुस्त करायचं, असं विचारा. मराठीतच विचारा, भाषांतर मुलं करतील.

बेनिनच्या टॉकमध्ये १८९७ साल येतंच. त्या वर्षी फेब्रुवारीत ब्रिटिश फौजेने बेनिन शहर घेतलं, राजवाडा लुटला आणि या वस्तू युरोपभर विकल्या गेल्या. इथे आपल्या माणसांच्या मनात काय येतं ते मला पाठ आहे. वाघनखं. साताऱ्याच्या घरातली माणसं तर विचारल्याशिवाय राहत नाहीत. विचारू द्या, पण टॉक संपल्यावर, कारण वाघनखं लंडनच्या म्युझियमची आणि बोलणाऱ्याचा विषय वेगळा. बरोबर माहिती तुमच्याजवळ असू द्या: ती २०२४ च्या जुलैत साताऱ्याच्या संग्रहालयात आली ती ठरावीक मुदतीसाठी, कायमची नाही, आणि ती महाराजांनी वापरलेलीच याचा पुरावा आपल्याजवळ नाही असं ते लंडनचं म्युझियम स्वतःच सांगतं. कायमच्या परतीची उदाहरणंही आहेत. लंडनच्या हॉर्निमन म्युझियमने २०२२ मध्ये बेनिनच्या वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली. त्याच वर्षी ग्लासगोने भारताला सात वस्तू परत करायचा करार केला. या विषयावर विचारलं की तिथली माणसं चिडतील अशी भीती बाळगू नका. नीट विचारलं तर नीट उत्तर देतात. लिव्हरपूलमध्ये तर गुलामांच्या व्यापारावरचं वेगळं म्युझियम २००७ मध्येच उघडलं, त्यामुळे अवघड प्रश्न या गावाला नवे नाहीत.

वस्तूबरोबरच्या पाटीचा फोटो काढायला विसरू नका, फ्लॅश बंद ठेवून. पाटीवर कोपऱ्यात बारीक अक्षरात एक क्रमांक असतो. पुष्कळदा वस्तू संग्रहात आल्याचं साल त्या क्रमांकातच असतं, आणि मेयरच्या देणगीतल्या वस्तूंच्या क्रमांकाला एम हे अक्षर जोडलेलं असतं. हे एकदा दाखवलं की आमच्याकडचे पाहुणे पुढच्या प्रत्येक कपाटात आधी क्रमांक शोधतात. बेनिनच्या वस्तूजवळ १८९७ नंतर एक-दोन वर्षांतलं साल सापडलं की ती कशी आली असेल याचा अंदाज स्वतःच बांधता येतो. घरी आल्यावर तोच क्रमांक म्युझियमच्या साइटवर टाकला तर बऱ्याच वस्तूंची जास्तीची माहिती मिळते.

एका दिवशी एकच टॉक. त्यानंतर फार तर इजिप्तचं दालन, आणि तिथेही सगळं बघायचा हट्ट नको. १९४१ च्या मे महिन्यात जर्मन बॉम्बहल्ल्यात ही इमारत जळाली होती. त्यातून वाचलेलं आणि नंतर जमवलेलं इतकं आहे की एका दिवसात डोकं भरून जातं. नातवंडं बरोबर असतील तर टॉक आधी आणि मत्स्यालय नंतर, उलटं केलंत तर त्यांना तिथून बाहेर काढणं अवघड. तारांगणाला वेगळं तिकीट लागतं.

ज्यांना लिव्हरपूल लांब पडतं त्यांनी मँचेस्टर म्युझियमला जावं. तेही विनामूल्य आहे, आणि तिथे २०२३ मध्ये दक्षिण आशियाचं नवं दालन उघडलं. आणि आई-बाबा परत गेल्यावर हीच सवय तिथे चालू राहू दे. कोल्हापूरला टाउन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझमूर्ती आहे, समुद्रदेवाची, रोमशी असलेल्या व्यापारातून पंचगंगेकाठी पोचलेली. तिथे टॉक नसेल तर संग्रहालयातल्या माणसाला विचारायचं: ही कशाची, कशी केली, कुठून आली. माझ्या वडिलांनी तेच केलं, आणि आता त्यांच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींना घेऊन ते दुसऱ्यांदा जाणार आहेत.

निघताना एक काम. दाराजवळ देणगीची पेटी असते, जमेल ते टाका. अभिप्राय लिहायची सोय असेल तर कुठल्या विषयावरचा टॉक ऐकला ते नावानिशी लिहा, मराठीत लिहिलं तरी हरकत नाही, खाली इंग्रजीत एक ओळ जोडा. फुकटच्या उपक्रमांना कात्री लागते तेव्हा किती लोक आले आणि त्यांनी काय लिहिलं हेच बघितलं जातं.