नोटीस इमेज करताना ११ चे १९ होऊ देऊ नका

आमच्या लालबागच्या चाळीत नोटिसा टाईप करायचं काम माझ्याकडे, कारण घरी कॉम्प्युटर आहे आणि मला नाही म्हणता येत नाही. मागे टाकी धुवायची होती म्हणून पाणी बंदची नोटीस काढली, पीडीएफचं पान इमेज करून ग्रुपवर टाकलं, आणि ११ तारीख बऱ्याच जणांनी १९ वाचली. झालं, ११ ला सकाळी बादल्या रिकाम्या आणि माझ्या दारात रांग. चूक माझीच, इमेज ७२ डीपीआयला, म्हणजे फार कमी ठिपक्यांत, केली होती.

तर आधी एक, वर्डची फाईल थेट ग्रुपवर टाकू नका. श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाईप केलं असेल आणि समोरच्याच्या फोनमध्ये तो नसेल तर उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि कसली कसली चिन्हं दिसतात. वर्डमधूनच सेव्ह ॲज करून पीडीएफ केली की सहसा फॉन्ट फाईलबरोबरच जातो, म्हणून आधी पीडीएफ, मग इमेज. आता कोणी म्हणेल मग पीडीएफच पाठव ना, पण आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी फाईल उघडत नाहीत, फोटो बघतात.

डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. ए४ पान २१० बाय २९७ मिलीमीटरचं, ते ७२ ला केलं की ५९५ बाय ८४२ पिक्सेल होतं, १५० ला १२४० बाय १७५४ आणि ३०० ला २४८० बाय ३५०८. मराठीत अनुस्वार, रफार अशी बारीक कामं असतात, ठिपके कमी पडले की ‘भांडं’चं ‘भाडं’ होतं आणि १ चं पोट फुगून ९ दिसायला लागतो. फोनवर वाचायला १५० चालतं, मी २०० ठेवतो, झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढायची असेल तर ३००. आणि हे आकडे इमेज करतानाच द्यायचे, नंतर ताणून मोठी केली तर अक्षरं मोठी होतात, स्पष्ट नाही होत.

मी गिंप वापरतो, फोटो एडिट करायचा प्रोग्रॅम, फुकट आहे. त्यात पीडीएफ उघडली की एक विंडो येते, कुठली पानं हवीत ते निवडा, प्रत्येक पान वेगळी इमेज म्हणून उघडा असा पर्याय घ्या (नाहीतर सगळी पानं एकाच इमेजमध्ये लेयर, म्हणजे एकावर एक थर, होऊन बसतात), रिझोल्यूशनच्या (म्हणजे डीपीआयच्या) चौकटीत २०० टाका आणि इंपोर्ट. मग फाईल मेनूतून एक्स्पोर्ट ॲज, सेव्ह नाही हां, सेव्हने गिंपची स्वतःची फाईल होते जी ग्रुपवर कोणालाच उघडणार नाही. मॅकवाल्यांना प्रीव्ह्यूमध्येच एक्स्पोर्ट आहे, तिथेही रिझोल्यूशन विचारतो.

एक्स्पोर्ट करताना इमेजचा प्रकार निवडायचा. नुसता मजकूर असेल तर पीएनजी करा, जेपीजीमध्ये फाईल लहान करायला जास्त दाबलं की अक्षरांभोवती धुरकट डाग येतात. फोटो असलेलं पान, म्हणजे गणपतीची पत्रिका वगैरे, जेपीजीच बरी, फाईल आटोपशीर राहते. पीएनजीत एक गोची आहे, पानाची पार्श्वभूमी पारदर्शक राहिली तर काही फोनांवर मागे काळं दिसतं आणि काळी अक्षरं गायब, म्हणून आधी इमेज मेनूतून फ्लॅटन करून घ्या, म्हणजे पारदर्शक भाग भरला जातो.

एवढं करूनही व्हॉट्सॲप फोटो दाबतंच, एचडी निवडा नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पानं बरीच असतील तर नावं ०१, ०२ अशी द्या, नुसतं १, २ दिलं की कुठेकुठे १ नंतर १० लागतं.

फुकट ऑनलाईन कन्व्हर्टरवर मी नोटीस टाकेन, पण कोणाचं आधार किंवा बँकेचं स्टेटमेंट अजिबात नाही, ती फाईल दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाते.

पाठवायच्या आधी मी आता स्वतःच्या फोनवर उघडून चष्मा न लावता तारीख वाचून बघतो. शिवाय तारखेपुढे वार पण लिहितो.