होबी १६ वळताना वाऱ्यात अडकते तेव्हा

कॅटामरान, म्हणजे दोन लांबट पोकळ सांगाडे जोडून केलेली शिडाची होडी, हलकी असते. होबी १६ ही त्यातलीच एक, सुमारे १४५ किलोची, म्हणून वळणात वेग पटकन मरतो आणि नाळ (होडीचं पुढचं टोक) वाऱ्याकडे तोंड करून थांबते. नवशिक्यांचं इथेच अडतं.

आधी शिडं ताणून वेग घ्या. सुकाणूचा दांडा हळू, सलग ढकला. झटका दिलात तर सुकाणूच ब्रेक लावतं. नाळ वाऱ्यासमोर येताच मोठ्या शिडाचा दोर हातभर ढिला सोडा. जिब, म्हणजे पुढचं लहान शीड, मात्र लगेच सोडू नका! त्यात उलटा वारा भरला की तेच नाळ पलीकडे ढकलतं. मगच जिब दुसऱ्या बाजूला ओढा.

तरीही अडकलात, तर होडी मागे सरकू लागते. तेव्हा सुकाणू उलटं चालतं.

निघण्यापूर्वी दोन्ही सांगाड्यांच्या मागची बुचं घट्ट आहेत ना, हाताने चाचपून बघा.