हिरड्यांतून रक्त येतंय म्हणून ब्रश सोडू नका

तासगावकडच्या एक मावशी परवा माझ्या सांगलीतल्या दवाखान्यात आल्या. "दाढ हलतीय, काढून टाका," एवढंच म्हणणं. आरशात दाखवलं: खालच्या दातांच्या मुळाशी काळपट कीटण, नुसता हात लागला तरी हिरडीतून रक्त. ब्रश केला की रक्त येतं म्हणून सहा महिने त्या बोटानं मिश्रीच लावत होत्या.

चूक इथेच होते. रक्त ब्रशमुळे नव्हे, साचलेल्या थरामुळे येतं. मऊ ब्रशनं दोन वेळा नीट घासलं तर सुजलेली हिरडी बहुधा आठ-पंधरा दिवसांत सावरू लागते. नाहीच थांबलं, तर कीटण काढून घ्यावं लागतं. आणि मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, औषध नव्हे.

मी विचारल्यावरच मावशींनी सांगितलं, तीन वर्षं शुगरच्या गोळ्या चालू आहेत, पण शुगर उतरत नाही. दातांच्या डॉक्टरला काय सांगायचं, असं वाटून बरेच जण हे सांगतच नाहीत. शुगर वाढली की हिरड्या लवकर खराब होतात, आणि हिरड्यांची जुनाट सूज इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2022 च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं, की हिरड्यांवर उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) सरासरी 0.4 अंकानं उतरतं. गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत.

याउलट चूक म्हणजे "दात किडले की हार्ट अटॅक" असले मेसेज खरे मानणं. संबंध दिसतो, हे खरं. पण हिरड्यांच्या आजारामुळेच हृदयविकार होतो हे सिद्ध झालेलं नाही, असं अमेरिकन हार्ट असोसिएशननं 2012 मध्ये स्पष्ट केलं. तंबाखू आणि मधुमेह ही कारणं हिरड्यांच्या आजारात आणि हृदयविकारात दोन्हीकडे असतात, म्हणूनही संबंध दिसतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशाच समजुतीपायी कित्येकांचे चांगले दात उपटले गेले. तीच चूक पुन्हा नको.

दात काढायचा म्हणून रक्त पातळ करण्याची गोळी मनानं बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. हृदयाची झडप बदललेली असेल तर ते आधी सांगा, आम्हाला अँटिबायोटिकचा विचार करावा लागतो.

घरातल्या आजोबांची कवळी रात्री काढून, घासून पाण्यात ठेवा. जपानमध्ये 85 वर्षांवरच्यांच्या 2015 च्या अभ्यासात कवळी लावून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त आढळला होता.