आगमनकाळाच्या चार आठवड्यांत कृपादाने कशी ओळखावीत

करिंथ शहरातल्या मंडळीला (ख्रिस्ती समुदायाला) लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल एकाच वाक्यात दोन गोष्टी सांगतो: तुम्हांला कोणत्याही कृपादानाची (इतरांच्या सेवेसाठी देवाने दिलेल्या देणगीची) उणीव नाही आणि तुम्ही प्रभू येशू ख्रिस्ताच्या प्रकट होण्याची वाट पाहत आहात (१:७). बहुतेक मंडळ्यांत मात्र या दोन गोष्टींची फारकत झालेली असते. कृपादानांचे वर्ग एकीकडे आणि आगमनकाळाची, म्हणजे नाताळापूर्वीच्या चार आठवड्यांची, भक्ती दुसरीकडे. मार्क १३:३४ मधला परगावी निघालेला घरधनी प्रत्येक चाकराला त्याचे त्याचे काम नेमून देतो आणि द्वारपाळाला जागे राहायला सांगतो. वाट कशी पाहायची याचे उत्तर तिथेच आहे: नेमून दिलेले काम करत. ते काम कोणते, हे शोधण्यासाठी पुढची पद्धत आहे.

आगमनकाळाचा पहिला रविवार ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यानचा असतो. उपासनेत वाचायच्या बायबल उताऱ्यांच्या तीन वर्षांच्या चक्रात दुसऱ्या, म्हणजे 'ब' वर्षी या रविवारी १ करिंथ १:३-९ आणि मार्क १३ हे दोन्ही उतारे एकत्र येतात. २०२६ मध्ये २९ नोव्हेंबरला तसाच योग आहे. चौथा आठवडा बहुधा अपुरा असतो, कधी कधी तर एकाच दिवसाचा. म्हणून शेवटची बैठक चौथ्या रविवारीच उरका, 'आठवड्यात कधीतरी' वर सोडू नका. हा काळ जमत नसेल तर येशूचे स्वर्गारोहण ते पेंटेकॉस्ट (शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचा सण) हे दहा दिवसही योग्य आहेत. यरुशलेमेत सुमारे १२० जण त्या दिवसांत एकचित्ताने प्रार्थना करत थांबले होते.

गट सहा ते आठ जणांचा असावा आणि सगळे एकमेकांना निदान वर्षभर ओळखणारे असावेत. यापेक्षा मोठ्या गटात दुसऱ्या आठवड्याचे काम वेळेत होत नाही. बैठक सव्वा तासाची ठेवा. सुरुवातीची पाच मिनिटे निव्वळ शांतता पाळा. ती गाळली की सगळे घाईघाईने बोलू लागतात.

पहिला आठवडा: चारही याद्या वाचा

१ करिंथ १२:८-१० (नऊ दाने), रोम १२:६-८ (सात), इफिस ४:११ आणि १ पेत्र ४:१०-११ मोठ्याने वाचा. याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. म्हणजे त्यांतली एकही संपूर्ण नाही, आणि तुमच्या मंडळीतले एखादे दान यादीत सापडले नाही तरी बिचकायचे कारण नाही. १ करिंथ १२:२८ मध्ये साहाय्य करणे आणि व्यवस्था पाहणे हीसुद्धा आहेत. सभागृहाच्या खुर्च्या लावणाऱ्याला हे वचन आवर्जून दाखवा.

इथेच दोन गोंधळ दूर करा. गलती ५:२२-२३ मधले आत्म्याचे फळ प्रत्येक विश्वासणाऱ्याकडून अपेक्षित आहे. दाने वाटून दिलेली असतात. त्यामुळे 'माझ्याकडे सहनशीलतेचे दान नाही' ही सबब चालत नाही. तसेच यशया ११:२ वरून कॅथॉलिक परंपरेत सांगितली जाणारी सात दाने वेगळी. ती माणसाला आतून घडवतात, तर इथे आपण इतरांच्या उभारणीसाठी मिळालेली दाने शोधत आहोत.

घरी जाऊन प्रत्येकाने तीन प्रसंग लिहावेत: आपल्या हातून काय झाले आणि त्यातून दुसऱ्या कोणाचे नेमके काय भले झाले. 'मला काय आवडते' हे लिहू नये.

दुसरा आठवडा: दुसऱ्यांनी काय पाहिले

हा सगळ्यात मोलाचा टप्पा. आपले दान आपल्याला सहसा दिसत नाही, कारण ते आपल्याला सोपे वाटते आणि सोप्या गोष्टीला आपण दान समजत नाही. प्रत्येकाने गटातल्या दुसऱ्या प्रत्येकासाठी एक चिठ्ठी लिहावी. एकच वाक्य, पण त्यात प्रसंग हवा. 'तू फार प्रेमळ आहेस' यातून काहीच कळत नाही. 'सभेत वाद पेटला तेव्हा तू दोघांचेही म्हणणे त्यांच्याच शब्दांत परत मांडलेस, आणि दोघांचेही आवाज खाली आले' यातून कळते. चिठ्ठ्या मोठ्याने वाचा. ज्याच्याविषयी वाचले जात आहे त्याने मध्ये बोलू नये, 'नाही हो, एवढं काही नाही' असेही नाही. दोन-तीन चिठ्ठ्या एकाच गोष्टीकडे बोट दाखवत असतील, तर ती पुढच्या आठवड्यासाठी निवडा.

छापील प्रश्नावल्या इथे फारशा उपयोगी पडत नाहीत. त्या आवड मोजतात, आणि मंचावरची कामे पुष्कळांना आवडतात.

तिसरा आठवडा: लहान काम

पद देऊ नका, सात दिवसांत पुरे होईल असे काम द्या: एका आजाऱ्याची दोनदा भेट, लहान मुलांचा एक पाठ, हिशेबाची एक वही नीट लावणे. मंडळीच्या पंचकमिटीची (कारभार पाहणाऱ्या समितीची) रिकामी जागा भरण्यासाठी हा टप्पा वापरला की सगळे बिघडते. माणूस गरजेपोटी 'हो' म्हणतो, आणि दान कोणते होते ते शेवटपर्यंत कळत नाही.

चौथा आठवडा: पारख

तीन प्रश्न पुरेत. मंडळीची उभारणी झाली का (१ करिंथ १४:१२)? येशू प्रभू आहे हे त्यातून पुढे आले का (१२:३)? काम प्रीतीने झाले का (अध्याय १३)? थकवा आला म्हणून दान नाही असे ठरवू नका. पौलही थकत होता.

अन्य भाषा (न शिकलेल्या भाषेत बोलणे) आणि संदेश (देवाकडून आलेले म्हणून सांगितलेले शब्द) यांविषयी मंडळ्यांची मते वेगळी आहेत. काहींच्या मते ती दाने प्रेषितांच्या काळापुरतीच होती. जिथे ती मानली जातात तिथे १ करिंथ १४:२७-२९ चा नियम पाळा: दोघे किंवा फार तर तिघे, एकामागून एक, अर्थ सांगणारा असेल तरच, आणि संदेशाची इतरांनी पारख करावी. लग्न, पैसा किंवा औषध बंद करणे यांविषयी कोणी 'देवाने सांगितले' म्हणत असेल, तर ते पाळक आणि मंडळीचे वडील (नेमलेले पुढारी) यांच्यापुढे ठेवल्याशिवाय मानू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध तर थांबवूच नका. प्रभूच्या येण्याची तारीख सांगणाऱ्याचे ऐकायचेच नाही; तो दिवस व ती घटका कोणालाच ठाऊक नाही (मार्क १३:३२).

काम करत वाट पाहण्याच्या उलट चूक थेस्सलनीका शहरातल्या मंडळीत झाली होती. काही जण काम सोडून रिकामे फिरू लागले आणि ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये, असे पौलाला लिहावे लागले (२ थेस्सल ३:१०).

चार आठवड्यांनंतरही कोणाचे दान स्पष्ट झाले नाही, तर जबरदस्तीने नाव देऊ नका. त्यांना दुसऱ्या कोणाच्या सेवेत मदतनीस म्हणून तीन महिने जोडून द्या आणि पेंटेकॉस्टच्या आसपास त्यांच्या चिठ्ठ्या पुन्हा लिहा. पुष्कळांच्या दानांची नावे तेव्हा सापडतात, कारण तोवर त्यांचे काम पाहिलेले लोक वाढलेले असतात.