प्रार्थनापुस्तकातील उपासनेत मंडळीला सोबत कसे घ्यावे

आपल्या खेड्यांतील ज्या मंडळ्यांनी जुनी अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील, उपासना जपली आहे, तेथे पाळक पुढच्या प्रार्थनेवर जातात, तरी मागच्या बाकांवर पाने उलटणे चालूच असते. अकोला-अमरावतीकडील अलायन्स या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीतून सून म्हणून आलेल्या मुलीला पुस्तकाविना प्रार्थना करण्याची सवय असते. तिला ही उपासना अवघड नव्हे, अनोळखी वाटते आणि ती ओळख करून देणे हे उपासना चालवणाऱ्याचेच काम आहे.

पान सांगायचे ते तो भाग सुरू होण्यापूर्वी, दोनदा आणि सावकाश. आवृत्त्या निरनिराळ्या असतील, तर भागाचे नावही सांगावे. प्रार्थनेच्या मध्येच सूचना देऊ नये, कारण त्यामुळे ज्यांना पान सापडले आहे त्यांचेही लक्ष मोडते.

सर्वाधिक गोंधळ बायबलमधील स्तोत्रांच्या वेळी होतो. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात १५० स्तोत्रे ३० दिवसांत, सकाळ आणि संध्याकाळ अशा ६० भागांत वाटलेली आहेत. म्हणून जेथे हा मासिक क्रम पाळतात, तेथे १२ तारखेला सकाळी आलेल्याने बाराव्या दिवसाचा सकाळचा भाग शोधायचा, आणि ३१ तारीख असल्यास आदल्या दिवसाचीच स्तोत्रे पुन्हा म्हणायची. एक वचन पाळकांनी, पुढचे मंडळीने म्हणावे आणि प्रत्येक वचनाच्या मध्यावर श्वासभर थांबावे.

सकाळच्या प्रार्थनेतील पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली, सर्व मंडळीने गुडघे टेकून, पाळकांच्या मागोमाग म्हणावा, अशी त्याच पुस्तकातील सूचना आहे. ‘मागोमाग’ या शब्दाकडे आपण फार दुर्लक्ष केले आहे, असे मला वाटते. पाळकांनी एक वाक्यांश म्हणून थांबावे आणि मंडळीने तो म्हणावा. मग अक्षरओळख नसलेल्या आजीलाही पुस्तकाची गरज उरत नाही.

प्रतिसाद, म्हणजे पाळकांच्या वाक्याला मंडळीने द्यायची ठरलेली उत्तरे, तर कानांनीच शिकता येतात. कापसाची वेचणी उरकल्यावर, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, उपासनेपूर्वी दहा मिनिटे काढून दर रविवारी एकच प्रतिसाद शिकवावा : ‘हे प्रभू, तू आमचे ओठ उघड’ याला ‘म्हणजे आमचे मुख तुझी स्तुती वर्णील’.

स्तुतीला, विश्वासांगीकाराला (श्रद्धेच्या कबुलीला) व प्रभुभोजनाच्या उपासनेतील शुभवर्तमानाच्या वाचनाला उभे राहतात, इतर वाचनांना बसतात, प्रार्थनेला गुडघे टेकतात. शब्दांपेक्षा हाताची हळुवार खूण येथे पुरेशी होते. मात्र ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना बसूनच प्रार्थना करण्यास आधी सांगून ठेवावे.

मागच्या बाकावरचे ‘आमेन’ ऐकू येईपर्यंत पुढची प्रार्थना सुरू करू नये.