यकृतरक्षक वनस्पतींवर एम.फार्म.चा प्रकल्प घेताय? मग हे आधी वाचा

कोल्हापुरात एम.फार्म.ला फार्माकॉलॉजी घेतली की हा विषय कुणी ना कुणी निवडतंच: अमुक वनस्पतीचा अर्क पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेपासून यकृत वाचवतो का? साहजिकच आहे. पन्हाळा, राधानगरी, आंबा घाट जवळ, आणि काविळीवर भुईआवळी देणारं माणूस जवळपास प्रत्येक गावात. मीही याच विषयावर काम केलं, आता नवीन मुलांचे प्रस्ताव वाचते. विषय चांगला आहे. फक्त एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात ठरवा: अर्क विषाच्या, म्हणजे पॅरासिटामॉलच्या, आधी द्यायचा की नंतर?

पॅरासिटामॉल स्वतः यकृताला मारत नाही. नेहमीच्या मात्रेत त्याचा बहुतेक भाग ग्लुकुरोनाइड आणि सल्फेट या निरुपद्रवी रूपांत लघवीवाटे निघून जातो. थोडासा भाग मुख्यतः सीवायपी२ई१ या एन्झाइममुळे एनएपीक्यूआय नावाच्या जहाल पदार्थात बदलतो आणि ग्लुटाथायोन हे पेशीतलं संरक्षक द्रव्य त्याला लगेच निकामी करतं. अतिमात्रेत ग्लुटाथायोनचा साठा संपतो. मग एनएपीक्यूआय पेशीतल्या प्रथिनांना, विशेषतः मायटोकाँड्रियातल्या प्रथिनांना चिकटतो आणि पेशी मरतात. स्लाइडवर हा नाश मध्यशिरेभोवती सर्वांत ठळक दिसतो, कारण हे एन्झाइम तिथेच जास्त असतं.

आता बघा. प्रयोगातल्या उंदरांना सात दिवस अर्क पाजून मग पॅरासिटामॉल दिलं आणि एएलटी, एएसटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम्स) कमी आले, तर अर्काने यकृत वाचवलं की एनएपीक्यूआय तयारच होऊ दिला नाही? दोन्हींत आकडे सारखेच सुंदर दिसतात. पण माणूस दवाखान्यात येतो तो गोळ्या घेऊन झाल्यावर. म्हणून विषानंतर अर्क दिलेला एक गट ठेवाच, आणि तुलनेला सिलिमरीनबरोबर (नेहमी वापरलं जाणारं वनस्पतिजन्य यकृतरक्षक) अॅसिटिलसिस्टीनही ठेवा, कारण पॅरासिटामॉलच्या विषबाधेवरचा खरा उतारा तोच आहे. ग्लुटाथायोन सुरुवातीच्या तासांतही मोजा. ते नेहमीसारखं घटलं, म्हणजे एनएपीक्यूआय तयार झाला, आणि तरी पेशी वाचल्या, तर तुमच्या निष्कर्षात दम आहे.

अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवायचा मोह होईल. करू नका. डीएमएसओ स्वतःच एनएपीक्यूआय बनणं रोखतो, त्यामुळे श्रेय वनस्पतीला जातं आणि काम द्रावकाने केलेलं असतं. सीएमसी (पाणी दाट करणारी सेल्युलोजची पूड) घातलेल्या पाण्यातलं अर्काचं निलंबन पुरतं. प्राण्यांबाबतही तसंच: रॅट (मोठे उंदीर) पॅरासिटामॉल बऱ्यापैकी पचवतात, माइसमधली (छोट्या उंदरांमधली) इजा माणसाच्या जास्त जवळची. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी नैतिक समितीच्या परवानगीला वेळ लागतो, अर्ज लवकर टाका.

वनस्पतीची ओळख हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग. पावसाळ्यात बांधावर भुईआवळी भरपूर उगवते, पण त्या नावाखाली फायलँथसच्या दोन-तीन जाती एकाच गठ्ठ्यात येतात. फांदी उलटी करून भिंगाखाली धरा. अमारसची फळं गुळगुळीत आणि छोट्या देठावर असतात. युरिनारियाची फळं खरबरीत आणि जवळपास बिनदेठाची, खोडावर बहुधा लालसर झाक. फायलँथिन या त्यातल्या घटकाचं प्रमाण जातीगणिक फार बदलतं, त्यामुळे इथे घोळ झाला तर पुढचं सगळं वाया. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागात नमुना दाखवून ओळख पक्की करून घ्या, आणि फुलाफळासकट नमुना न्या, नुसती वाळलेली पानं नकोत. किराईत (अँड्रोग्राफोलाइड), कुटकी (पिक्रोसाइड), हळद (कुरकुमिन) यांवर आधीच ढीगभर काम आहे. ती घेतलीत तर प्रश्न तरी नवा हवा.

विषय समजला की नातेवाईक, शेजारी औषध विचारायला येतील. कुणी जास्त गोळ्या घेतल्या असतील तर काढ्यात वेळ घालवू देऊ नका. पहिल्या दिवशी माणूस ठणठणीत दिसू शकतो, फार तर मळमळ होते. यकृताची इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघडी पडते. अॅसिटिलसिस्टीन 8 तासांच्या आत सुरू झालं तर सर्वाधिक उपयोग होतो, उशीर झाला तरी दिलं जातं. रिकामी पाकिटं बरोबर घेऊन थेट सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या, आणि गोळ्या किती वाजता घेतल्या ते डॉक्टरांना सांगा.