विंडोज ११ टाकण्याआधी जुन्या गेमसाठी करायची तयारी

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून सांगलीत विश्रामबागपासून पार मिरजेपर्यंत ज्याला त्याला नवी विंडोज टाकून हवी आहे. टॅली चालेल का, प्रिंटर चालेल का, हे सगळे आधी विचारतात. गेमची आठवण होते ती नंतर, पोरांचा फोन येतो तेव्हा: "दादा, व्हाइस सिटी चालंना झालीया." बहुतेक वेळा गेमला काही झालेलं नसतं, त्याच्या आजूबाजूचं काहीतरी गेलेलं असतं. ते परत बसवता येतं. सेव्ह केलेला खेळ मात्र गेला की गेला, म्हणून सुरुवात तिथून करायची.

आधी सेटिंग्ज उघडून सिस्टम, मग अबाउट, इथे विंडोज ३२-बिट आहे की ६४-बिट ते बघा. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येते. ३२-बिटवरून थेट अपग्रेड होतच नाही, नव्यानेच टाकावी लागते. मशीन दुकानात देणार असाल तर "सी ड्राइव्ह फॉरमॅट मारणार का?" हे तोंडावर विचारून घ्या, कारण सेव्ह फाइल जवळपास नेहमी सी ड्राइव्हवरच असतात. व्हाइस सिटी आणि क्रिकेट ०७ च्या डॉक्युमेंट्समध्ये सापडतात. क्रिकेटमध्ये रात्र जागून खेळाडूंची नावं बदललेली रोस्टर, म्हणजे संघांची यादी, तीसुद्धा तिथेच. फसवतात ते त्याहून जुने गेम. एज ऑफ एम्पायर्स २ सारखा गेम सेव्ह स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहायला जातो, पण विंडोज त्याला प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहू देत नाही आणि गुपचूप ती फाइल दुसरीकडे वळवते. यूजर्स, तुमच्या नावाचा फोल्डर, ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर असं आत आत जायचं. ॲपडेटा लपवलेला असतो, तेव्हा व्ह्यूमध्ये हिडन आयटम्सवर टिक करा. मग सगळं पेनड्राइव्हवर. गेमचा बसवलेला अख्खा फोल्डरही उचला, कारण काही गेम ३२-बिट असले तरी त्यांचा सेटअप १६-बिटचा असतो आणि ६४-बिट विंडोजवर असला सेटअप बहुधा उघडतच नाही.

सीडीवरचे गेम असतील तर त्यांची आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या सीडीची एका फाइलमधली नक्कल, आत्ताच करून ठेवा. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, आणि २०१९ च्या पुरात भिजलेल्या सीडी पुसून पुन्हा कव्हरात ठेवलेली घरं आपल्याकडे काही कमी नाहीत. कॉपी होताना ९० टक्क्यांवर अडकली तर ते आत्ता कळलेलं बरं. पण आयएसओ झाली म्हणजे गेम चालेलच असं नाही. २००० च्या आसपासच्या पुष्कळ गेमना सेफडिस्कचं, म्हणजे सीडीची नक्कल चालू नये म्हणून घातलेलं, कुलूप होतं. ते ज्या ड्रायव्हरने उघडायचं तो विंडोज १० पासून काढूनच टाकला आहे, सुरक्षेला भोक होतं म्हणून. अशा वेळी क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली फाइल, शोधत फिरू नका. गॉग या ऑनलाइन गेमच्या दुकानात तोच गेम कुलपाशिवाय मिळत असेल तर सेल लागल्यावर सरळ विकत घ्या.

नेट चालू असताना दोन गोष्टी उरकून घ्या. 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' मध्ये लेगसी कंपोनंट्सखाली डायरेक्टप्ले असतं, काही जुन्या गेमना लागणारा विंडोजचा भाग, त्यावर टिक. आणि मायक्रोसॉफ्टचा जून २०१० चा डायरेक्टएक्स रनटाइम, म्हणजे गेमना चित्र-आवाजासाठी लागणाऱ्या फाइलींचा संच, उतरवून ठेवा. विंडोजमध्ये डायरेक्टएक्स १२ आहे की मग हा कशाला, असं वाटेल. पण जुने गेम मागतात त्या डीएलएल फाइली १२ मध्ये नसतात, आणि हा शेजारी बसवला तरी १२ ला धक्का लागत नाही. डॉसवरचे प्रिन्स ऑफ पर्शिया, डेव्ह वगैरेंसाठी डॉसबॉक्स, म्हणजे विंडोजमध्ये जुनं डॉस उभं करणारा प्रोग्रॅम, पुरे. फार पळायला लागले तर कंट्रोल एफ११ ने वेग कमी होतो.

कंपॅटिबिलिटी मोड, म्हणजे गेमला जुनी विंडोज असल्याचं भासवणारी सेटिंग, लोक सगळ्यात आधी करून बघतात. माझ्या मते तो शेवटून दुसरा उपाय. काही दोष त्याने जाणारच नसतात. जीटीए सॅन अँड्रियास या गेमचंच बघा. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आली आणि त्यातलं स्किमर नावाचं पाण्यावर उतरणारं विमान गायब झालं. एप्रिल २०२५ मध्ये मूळ समोर आलं: गेमच्या डेटा फाइलमध्ये स्किमरच्या ओळीत चाकाच्या मापाचा आकडाच नव्हता. मेमरीत आधीच्या गाडीचा जो आकडा उरलेला असे त्यावर गेमचं भागत होतं. नव्या विंडोजने ती जागा आपल्या कामाला वापरली आणि वीस वर्षं लपलेली चूक उघडी पडली. म्हणजे चूक गेमची, बोलणी विंडोजला. सायलेंटपॅच नावाची दुरुस्ती टाकली की विमान परत येतं. तुमच्या आवडत्या गेमसाठी असा चाहत्यांनी केलेला पॅच आहे का ते अपग्रेडच्या आधीच शोधून, तोही पेनड्राइव्हवर टाका. थ्रीडीएफएक्स या जुन्या ग्राफिक्स कार्डांच्या जमान्यातल्या गेमसाठी, ते नव्या कार्डावर चालवणारा डीजीवूडू २ सुद्धा.

अपग्रेड झाल्यावर गेम लगेच, त्याच आठवड्यात लावून बघा. सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत 'गो बॅक' मिळतं ते १० दिवसच, आणि मधे डिस्क क्लीनअप करून विंडोज डॉट ओल्ड, म्हणजे जुन्या विंडोजचा राखून ठेवलेला फोल्डर, उडवला तर तेही नाही.